शार्लट, जेन आणि बंबात गेलेली पत्रं

कवडसा

माझी थोरली मावशी बिनलग्नाची. झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. रात्री जेवणं आटोपली, भांडी पालथी घातली की पत्रं लिहीत बसायची. कुणाला लिहायची ते आम्हा पोरांना कधी कळलं नाही. ती गेली तेव्हा मी अकरावीत होते. चौदाव्याला पाहुणे पांगले तशी आईने मावशीची ट्रंक ओढत परसात नेली, तासभर एकटीच वाचत बसली, आणि मग सगळा गठ्ठा, आलेली पत्रं आणि लिहून न टाकलेलीही, मूठमूठ करून बंबात घातला. "का गं?" म्हटलं तर म्हणाली, "तिचं होतं, तिच्याबरोबर गेलं." त्या दिवशी आंघोळीला पाणी कडकडीत होतं, एवढं आठवतं.

हे आज वर यायचं कारण म्हणजे जेन ऑस्टिनची कादंबरी 'एमा'. गेल्या महिन्यात पुन्हा वाचली आणि पाठोपाठ 'जेन एअर' लिहिणाऱ्या शार्लट ब्राँटेची पत्रं हाती लागली. शार्लटनेही १८५०च्या एप्रिलमध्ये 'एमा' वाचली होती आणि आपल्या प्रकाशकांकडच्या विल्यम्सना तिच्याबद्दल लिहिलं होतं. त्याचा मथितार्थ असा, की सभ्य माणसांचं वरवरचं वागणं बाई फार सुबक रंगवतात, पण वाचकाला कशानेही ढवळून काढत नाहीत. उत्कट भावना म्हणजे काय ते यांच्या गावीच नाही. त्याआधी दोन वर्षं, जानेवारी १८४८मध्ये, जी. एच. लुइस या समीक्षकाने तिला 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचायला लावली होती. तेव्हा तिला दिसली ती कुंपण घातलेली, वाफे आखलेली बाग. मोकळं रान नाही, वारा नाही, निळा डोंगर नाही, ओढा नाही. यांच्या त्या देखण्या कोंदट घरांत मला राहायला नाही आवडणार, असंही वर लिहिलं.

तेव्हापासून वाटणी ठरून गेली आहे. जेन गार, शार्लट धगधगती. कॉलेजात आम्हालाही हेच शिकवलं.

माझं म्हणणं, हा फरक या दोघींच्या स्वभावात जेवढा आहे त्याहून जास्त बंबात आहे.

जेन १८१७च्या जुलैत विंचेस्टरला वारली, एक्केचाळिसाव्या वर्षी. तिची बहीण कॅसँड्रा पुढे अठ्ठावीस वर्षं जगली आणि स्वतः जायच्या थोडी वर्षं आधी तिने जेनची बहुतेक पत्रं जाळून टाकली. काहींतल्या ओळी कात्रीने कापल्या. आज उरलीत साधारण एकशे साठ. त्यात मलमलीचा भाव, कोण कुणाबरोबर नाचलं, घरात काय शिजलं, असलंच फार. पण कॅसँड्राच्या हातून सुटलेली एखादी ओळ अशी काही येते की दचकायला होतं. १७९८चं पत्र आहे. शेजारगावच्या एका बाईंना कसलासा धक्का बसून मेलेलं मूल झालं, आणि बावीस वर्षांची जेन लिहिते, की चुकून नवऱ्याच्या तोंडाकडे नजर गेली असेल. तिच्या मृत्यूनंतर भाऊ हेन्रीने छापलेल्या परिचयात मात्र आहे की हिच्या तोंडून कधी कठोर शब्द म्हणून निघाला नाही. घ्या!

शार्लटचं उलट झालं. १८५४ साली लग्न झालं आणि नवऱ्याने, आर्थर निकल्सने, तिची पत्रं वाचून धसका घेतला. ही पत्रं म्हणजे आगकाड्या आहेत, तुझ्या मैत्रिणीला, एलनला, सांग वाचून जाळत जा म्हणून. शार्लटने ते हसत-हसत एलन नसीला कळवलं. एलनने वचन दिलं, पण निकल्सनी शार्लटच्या पत्रांत कात्री चालवायची नाही या अटीवर. आणि जाळलं काहीच नाही. शाळेपासूनची मैत्रीण होती ती. शेकड्यांनी पत्रं उरली.

एकीची बहीण भली निघाली, दुसरीची मैत्रीण हट्टी. आपण एका बंद खिडकीची तुलना उघड्या खिडकीशी करतोय आणि म्हणतोय, या घरात दिवाच नव्हता.

बोला.

अळूवडी

वाचतेय. बंब म्हटल्यावर आधी आमच्या घरचा तांब्याचा बंब डोळ्यापुढे आला, त्याची ती राखेची जाळी आणि चिंचेने घासायची शिक्षा. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

पाटीपेन्सिल

कवडसाताई, धागा सुंदर, पण मी भांडणार.

पत्रं सगळी जळली असती तरी 'जेन एअर' उरलीच असती. नऊ-दहा वर्षांची पोर पडद्याआड पुस्तक घेऊन बसते, आतेभाऊ-मामेभाऊ जो कोण तो तेच पुस्तक तिच्या डोक्यात फेकून मारतो, रक्त येतं, आणि कोंडून घालतात कुणाला, तर हिलाच. पहिल्या प्रकरणात हे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या पहिल्या प्रकरणात काय आहे? नवीन भाडेकरू श्रीमंत आहे आणि बिनलग्नाचा आहे. मान्य, ते फार हुशारीने लिहिलंय. पण अंगावर काटा येत नाही.

आणि ती धग कुठून आली तेही पाहा. शार्लटने दुसऱ्याच्या घरात राहून पोरं सांभाळली आहेत. १८३९मध्ये अशाच एका श्रीमंत घरातून तिने बहिणीला, एमिलीला, लिहिलं, की खासगी गव्हर्नेसला स्वतंत्र अस्तित्वच नसतं. शिकवायचं तर होतंच, वर रात्री शिवणाचा ढीग. पुढे १८४१ला दुसऱ्या घरी पगार वर्षाला वीस पौंड, त्यातून कपडे धुण्याचे चार कापून हातात सोळा! तिने जेन एअरला थॉर्नफील्डच्या वाड्यावर गव्हर्नेस म्हणून तीस पौंड दिलेत, ते वाचताना मला हसूही येतं आणि पोटात तुटतंही. स्वतःला नाही मिळाले ते मानसकन्येला दिले.

मी लग्नाआधी तीन वर्षं एका निवासी शाळेत होते. नाव नको. जेवायला आम्ही ना संचालकांच्या पंगतीत, ना स्वयंपाकघरातल्या मावशींच्या. मधल्या पॅसेजमध्ये एक टेबल होतं. दिवाणखान्यात पाहुणे बसलेत आणि जेन एअर खिडकीच्या पडद्याशी आक्रसून बसलीये, हा प्रसंग मी त्या टेबलावर वाचलाय. तो मला ऑस्टिनबाईंनी नाही दिला, शार्लटने दिला.

खडूस काका

दोन विलायती पाद्र्यांच्या दोन मुली, आणि आपण इथे रात्री बारा वाजता कुणाची धग जास्त ते मोजतोय. चालू द्या.

एक मात्र नोंदवून ठेवतो. ज्या १८१७ साली जेनबाई गेल्या, त्याच साली नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि पेशवाई आटोपत आली. ज्या १८४८ साली शार्लटबाई बाग-ओढ्याची पत्रं लिहीत होत्या, त्याच साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाई मुलींना बाराखडी शिकवत होते. 'स्त्रिया आणि लेखणी' हा विषय काढलाच आहे तर शेजारी हेही असू द्या.

बाकी कवडसाबाईंच्या मातोश्रींनी केलं ते योग्यच केलं. आमची पत्रं कुणी वाचणार असेल तर मी आजच शेगडी पेटवतो.

दर्यावर्दी

काका, शेजारी कशाला, आतच आहे की आपला मुलूख. दोघींच्याही.

जेनची सख्खी आत्या फिलाडेल्फिया १७५२ साली एकटी जहाजात बसून मद्रासला आली. कारण सरळ होतं. हुंडा नाही, तिकडे नवरा मिळेना, इकडे कंपनीचे गोरे अविवाहित रांगेने. सहा-सात महिन्यांत कंपनीच्या एका सर्जनशी लग्न. मुलगी एलायझा कलकत्त्याला जन्मली, १७६१ला. तिचा धर्मपिता कोण? वॉरन हेस्टिंग्ज! ज्याच्या कारकिर्दीत सालबाईचा तह झाला तोच. एलायझाचा पहिला नवरा फ्रेंच उमराव, त्याचं डोकं क्रांतीत गिलोटिनखाली गेलं. मग तिने जेनच्या त्या हेन्रीशीच लग्न केलं. म्हणजे जेनची आतेबहीण तिची वहिनी झाली. पुढे हेस्टिंग्जने 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची तारीफ केली तेव्हा जेन केवढी खूश झाली, ते १८१३च्या पत्रात आहे. (ते नाही जळलं.)

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त विलबी कर्नल ब्रँडनची टर उडवतो ती नबाब, सोन्याच्या मोहरा आणि पालख्या यांवरून. 'मॅन्सफील्ड पार्क'मधल्या सोफ्यावर लोळणाऱ्या लेडी बर्ट्रम भाच्याला निरोप देतात, हिंदुस्थानाकडे गेलास तर माझी शाल विसरू नकोस. कुंपण घातलेल्या बागेत शाल आली कुठून, हे जेन सांगत बसत नाही. पण शाल दिसते. जेनचा धाकटा भाऊ चार्ल्स या बाजूच्या आरमाराचा मुख्य होता. १८५२ला ब्रह्मदेशाच्या दुसऱ्या लढाईत इरावतीवर पटकीने गेला.

आता शार्लट. 'जेन एअर'मधला पाद्री सेंट जॉन रिव्हर्स धर्मप्रसाराला हिंदुस्थानात निघतो आणि जेन एअरला हिंदुस्थानी शिकायला बसवतो. थॉर्नफील्डचा मालक आणि तिचा प्रियकर रॉचेस्टर तिच्याबरोबर मरण्याचं गाणं म्हणतो तेव्हा ती ठणकावते, मी माझ्या वेळेला मरेन, सती जायची घाई मला नाही. 'सती' हाच शब्द आहे तिथे. आपल्याकडे कायद्याने बंदी येऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती.

आणि आता खास मुंबईकरांसाठी. शार्लटच्या प्रकाशकांकडे जेम्स टेलर नावाचे एक गृहस्थ होते. बुटके, तांबड्या केसांचे. 'शर्ली'चं हस्तलिखित न्यायला स्वतः तिच्या गावी, हॉवर्थला, गेले होते. १८५१मध्ये प्रकाशकांनी त्यांना शाखा काढायला मुंबईला पाठवलं. जाण्याआधी ते भेटायला आले, लग्नाचा विषय होता. शार्लटच्या वडिलांना स्थळ पसंत होतं! ती मात्र एलनला लिहिते, की माणूस चांगला, पण जवळ आला की माझ्या नसांत बर्फ होतो. टेलरसाहेब बोटीत बसले. मुंबईहून थोडी पत्रं गेली, मग तीही थांबली. मी फोर्टातून रोज जातो आणि मला उगाच वाटतं, 'हो' म्हणाली असती तर बाई आपल्या पावसाळ्याबद्दल काय लिहित्या.

अळूवडी

दर्यावर्दी, __/\__ हे टेलर प्रकरण मला ठाऊकच नव्हतं.

कवडसा

पाटीपेन्सिल, आतेभाऊ नाही, मामेभाऊ. जॉन रीड. :) बाकी तुमचा तो पॅसेजमधला टेबल मनात राहिला. पण त्याच टेबलावर जेनही बसलेली आहे, हेच तर मला दाखवायचंय.

'एमा'त मिस बेट्स आहे. गावच्या दिवंगत पाद्र्याची अविवाहित मुलगी, म्हाताऱ्या आईबरोबर वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत राहते. लोक वानवळा पाठवतात, कुणी सफरचंदं, कुणी डुकराचं मांस, आणि ती प्रत्येक सफरचंदाचे आभार मानत सुटते. अखंड बडबड. गावाला ती हवीशीही आहे आणि नकोशीही. बॉक्स हिलच्या सहलीत खेळ निघतो, की प्रत्येकाने एक हुशारीची गोष्ट सांगायची, नाहीतर तीन रटाळ. मिस बेट्स स्वतःच हसत म्हणते, तीन रटाळ ना, मग माझं सोपं झालं, तोंड उघडलं की निघतीलच. आणि एमा फटकन म्हणते, अडचण एवढीच की एका वेळी तीनच सांगायच्यात.

मिस बेट्सला आधी कळत नाही. मग कळतं. रागावत नाही, फक्त चेहऱ्यावर जरा रंग चढतो. म्हणते, मी गप्प बसायचा प्रयत्न करीन, मी फारच नकोशी होत असणार, एरवी जुन्या मैत्रिणीला ती असं बोलली नसती.

आता जेनचं आयुष्य शेजारी ठेवा. वडील पाद्री. १८०१ला त्यांनी स्टीव्हन्टनचं घर सोडून सगळ्यांना बाथला नेलं, १८०५ला तिथेच वारले. म्हातारी आई आणि दोन बिनलग्नाच्या मुली. भावांनी दरसाल पन्नास-शंभर पौंड घालायचे ठरवले त्यावर घर. आज या भाड्याच्या घरात, उद्या त्या भावाकडे. १८०९ला एडवर्डने, श्रीमंत नातेवाइकांना दत्तक गेलेल्या भावाने, चॉटनची बंगली दिली तेव्हा कुठे टेकल्या. मिस बेट्सला दुसरीकडून शोधून आणायची जेनला गरजच नव्हती. ती भीती रोज तिच्या उशाशी होती. फरक इतकाच की 'बघा माझं काय होतंय' असं जेन म्हणत नाही. ती तुम्हाला एमाच्या बाजूला बसवते, एमाबरोबर हसायला लावते आणि मग त्या लाल झालेल्या चेहऱ्यापुढे उभं करते.

आणि याच कादंबरीत जेन फेअरफॅक्स आहे! अनाथ, हुशार, आता गव्हर्नेस व्हावं लागणार या विचाराने आजारी पडलेली. नोकरी लावणाऱ्या कचेऱ्यांबद्दल ती म्हणते की तिथे विक्री होते, मानवी देहाची नाही तरी मानवी बुद्धीची. समोरची बाई गडबडून गुलामांच्या व्यापाराकडे विषय नेते. हे १८१५चं लेखन आहे, शार्लट तेव्हा जन्मलीही नव्हती. आणि जिने स्वतः सोळा पौंडांवर हेच सोसलं, ती शार्लट 'एमा' वाचते आणि त्या पत्रात जेन फेअरफॅक्सबद्दल अवाक्षर नाही. उत्कट भावना यांच्या गावी नाही म्हणे! ते पत्र वाचून मला पहिल्यांदा शार्लटचा राग आला.

पाटीपेन्सिल

मामेभाऊ, मान्य. जेन फेअरफॅक्सवर गप्प बसते. तूर्तास.

जमाखर्च

मला साहित्यातलं कळत नाही, ताळेबंद कळतो. तेवढाच देतो.

जेन: 'सुझन' नावाची कादंबरी १८०३ला दहा पौंडांना विकली. प्रकाशकाने छापलीच नाही. १८०९ला तिने खोट्या नावाने खरमरीत पत्र पाठवलं, सही 'एम. ए. डी.', म्हणजे इंग्रजीत वाचा काय होतं ते. उत्तर आलं की दहा पौंड परत करा आणि घेऊन जा. दहा पौंड नव्हते. १८१६ला सोडवून घेतली, तीच पुढे 'नॉर्थँगर ॲबी'. पहिलं छापील पुस्तक 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी', १८११, स्वतःच्या जोखमीवर, नफा १४० पौंड. या नफ्याची खात्री नसल्यामुळे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क एकरकमी विकले, ११० पौंडांना. मागितले होते १५०. पुढच्या आवृत्त्यांचे पैसे सगळे प्रकाशकाच्या खिशात. मग मरे या प्रकाशकांनी तीन पुस्तकांच्या हक्कांना ४५० देऊ केले, ते तिने नाकारले ("लबाड आहे, पण अदबशीर लबाड" असं त्यांच्याबद्दल लिहिलंय). 'एमा' आपल्या जोखमीवर काढली, तिचा नफा 'मॅन्सफील्ड पार्क'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या खड्ड्यात गेला. 'एमा'चे हयातीत हाती आले ३८ पौंड १८ शिलिंग.

शार्लट: १८४६ला तिघी बहिणींनी मावशीच्या वारशातून ३१ पौंड १० शिलिंग भरून कवितासंग्रह काढला. वर्षभरात खप प्रती दोन. (दोनशे नव्हे, दोन.) 'जेन एअर'चे हक्क शंभरला, पण पुस्तक धडाक्यात चाललं तसे प्रकाशकाने आपणहून वाढवत एकूण पाचशे केले. 'शर्ली' आणि 'व्हिलेट'लाही पाचशे-पाचशे. रेल्वेच्या शेअर्समध्ये बुडाले ते वेगळे.

आणि एक कागद मला या सगळ्यात भारी वाटतो. लग्न झालं की बायकोचा पैसा नवऱ्याचा, असा तेव्हाचा कायदा. शार्लटने लग्नाच्या महिनाभर आधी करार करून आपली कमाई बांधून घेतली, मूल नसताना मी गेले तर पैसे वडिलांना, निकल्सना नाहीत. मग १८५५च्या फेब्रुवारीत अंथरुणावरून नवं मृत्युपत्र केलं आणि सगळं निकल्सना दिलं. आठ महिन्यांचा संसार. त्यात नवऱ्याने काय कमावलं ते या दोन कागदांमधल्या फरकात दिसतं. मार्चच्या ३१ला ती गेली, पोटात मूल होतं असं धरतात. एकोणचाळीस पुरी व्हायला तीन आठवडे होते.

अळूवडी

आले. मला वेगळीच ठिणगी टाकायची आहे.

कॅसँड्राने जाळलं म्हणून सगळे तिच्यावर. शार्लटने काय कमी केलं? धाकट्या ॲनची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल', १८४८. दारुड्या नवऱ्याला सोडून मुलाला घेऊन निघून जाणारी आणि चित्रं विकून पोट भरणारी बाई. त्या काळी! ॲन १८४९च्या मेमध्ये गेली. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी बहिणींची पुस्तकं नव्याने काढायची ठरवली तेव्हा शार्लटने लिहून कळवलं, की ती कादंबरी जपावी असं मला वाटत नाही. एमिलीच्या कवितांत स्वतःच्या हाताने बदल केले. प्रस्तावनेत दोघींचं असं चित्र काढलं की जणू दोन भोळ्या रानमुली, आपण काय लिहितोय ते न कळणाऱ्या. ॲनला पुढे कित्येक दशकं 'ती तिसरी' म्हणून ठेवण्यात थोरल्या बहिणीचा हात आहे.

बंब नाही, पण झाकण आहेच ना?

पाटीपेन्सिल

अळूवडी, खरंय, पण तारखा बघ. भाऊ ब्रॅनवेल गेला २४ सप्टेंबर १८४८. एमिली १९ डिसेंबर. ॲन २८ मे १८४९. आठ महिन्यांत तीन. आई लहानपणीच गेलेली, दोन थोरल्या बहिणी १८२५ला शाळेतून आजारी येऊन गेलेल्या. घरात उरले ती आणि म्हातारे वडील. लोक त्या पुस्तकांना 'रांगडी, असभ्य' म्हणत होते. तिने मेलेल्या बहिणींच्या अंगावर चादर ओढली. चूक असेल. पण मी तिच्या जागी असते तर मीही ओढली असती. कवडसाच्या आईनेही तेच केलं ना?

बरं, न जळालेल्याचं एक उदाहरण मलाही द्यायचंय. ब्रसेल्सला ज्यांच्या शाळेत ती शिकली-शिकवली त्या हेगरसरांना तिने परत आल्यावर पत्रं लिहिली. सर विवाहित, मुलाबाळांचे. पत्रांत ती अक्षरशः भाकरीच्या तुकड्यासाठी हात पसरते, दोन ओळी लिहा म्हणून. सरांनी वाचून फाडून टोपलीत टाकली. आणि त्यांच्या बायकोने ते कपटे वेचून जोडले, काही कागदाच्या पट्ट्या चिकटवून, काही चक्क सुई-दोऱ्याने शिवून. चार उरलीत. एकाच्या कडेला सरांनी चांभाराचा पत्ता टिपून ठेवलाय! १९१३ला मुलांनी ती संग्रहालयाला दिली, टाइम्सने छापली. त्याआधी शार्लटचं चरित्र लिहिताना गॅस्केलबाई स्वतः ब्रसेल्सला जाऊन सरांना भेटून आल्या होत्या आणि १८५७च्या चरित्रात त्यांनी यातलं काहीही कळू दिलं नाही.

त्या बायकोने का शिवली असतील? पुरावा म्हणून, की दुसऱ्या बाईचं अक्षर फाडवेना म्हणून? मी त्या टाक्यांचा फोटो पाहिलाय. टाके नीट आहेत, घाईचे नाहीत.

खडूस काका

आता आलो आहे तर बोलून घेतो. व्हर्जिनिया वुल्फबाईंनी १९२९लाच हा निवाडा करून ठेवलाय. त्या म्हणतात, प्रतिभा शार्लटची जास्त, पण ती शांतपणे लिहायचं तिथे संतापून लिहिते, स्वतःचं गाऱ्हाणं पात्राच्या तोंडी घालते, म्हणून कादंबरी वाकते. जेनचं लिखाण अशा रागाने कुठेच वाकत नाही. मला हा निवाडा पटत नाही. राग असला म्हणून वाकतंच असं नाही. आमच्याकडे तुकोबा संतापून लिहायचे, काही वाकलं नाही.

आणि थंड-गरम पुरे झालं असेल तर एक गंमत. २०१७ला इंग्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर जेनबाई आल्या. ज्या दहा पौंडांअभावी सात वर्षं हस्तलिखित सोडवता आलं नाही त्याच नोटेवर! चित्र कॅसँड्राने काढलेलं नाही, त्यावरून पुतण्याच्या १८७०च्या चरित्रासाठी गोडगोजिरं करून घेतलेलं. खाली वाक्य, 'वाचनासारखं सुख नाही.' ते 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये म्हणतं कोण? कॅरोलाइन बिंगली, जी वाचतच नाहीये, नायक डार्सीने बघावं म्हणून पुस्तक धरून जांभया देतेय. बँकेने पुस्तक वाचलं होतं की नाही देव जाणे. जेनबाई असत्या तर यावर बहिणीला एक पत्र लिहिलं असतं आणि बहिणीने ते जाळलं असतं.

नवखा_वाचक

खूप छान चर्चा. मी दोघींपैकी कुणालाच वाचलेलं नाही, फक्त 'संगदिल' पाहिलाय. ('जेन एअर'वरून आहे हे आज कळलं!) कुठून सुरू करू?

पाटीपेन्सिल

'जेन एअर'. शुक्रवारी रात्री. शनिवारी सुट्टी ठेवा.

दर्यावर्दी

'पर्सुएशन'. लहान आहे, शेवटची आहे. त्यातल्या ॲन इलियटचं सत्ताविसाव्या वर्षीच सगळं संपल्यात जमा आहे. कॅप्टन सांगतो, बायका चंचल असतात असं सगळी पुस्तकं म्हणतात. ती म्हणते, पुस्तकं नका सांगू, लेखणी पुरुषांच्या हातात होती. त्या वेळी शेजारच्या टेबलावर एकजण पत्र लिहीत बसलेला असतो. पुढचं सांगत नाही.

कवडसा

नवखा_वाचक, तुम्ही 'नॉर्थँगर ॲबी' घ्या असं मी म्हणेन, कारण त्यातला एक प्रसंग कालपासून डोक्यात फिरतोय. कॅथरीन एका जुन्या वाड्यात उतरलेली असते. वादळी रात्र, खोलीत काळं कपाट, कपाटात कागदांची गुंडाळी. तिला वाटतं कुणा छळलेल्या बाईची हकिगत सापडली. मेणबत्ती विझते, रात्रभर झोप नाही. सकाळी उलगडून बघते तर कपडे धुण्याची बिलं.

काल रात्री हा धागा आईला फोनवर वाचून दाखवला. सगळा नाही, माझ्यापुरता. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं गं. एक बाई होती, तिच्याच शाळेतली, बदली होऊन गेलेली. रोजचंच होतं. आज काय केलं, डोकं दुखतंय का." एवढंच. मी पुढे विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

आज सकाळी तिचा फोन. माळ्यावरच्या ट्रंकेच्या तळाशी कागदाखाली एक वही राहिली होती म्हणे. मी हातातलं सोडून उभी राहिले. तर धोब्याची वही. नऊवारी चार, पोलकी सहा, चादर एक. काका, हसू नका.

खडूस काका

हसत नाही. अक्षर कुणाचं, मावशींचं? समासात काही खरडलंय का ते उजेडात नीट बघा, आणि मातोश्रींना सांगा बंबाजवळ नेऊ नका म्हणून.